रुपयांचा हिशेब मुंबईतच संपवून निघा

वाचकाचे पत्र

आम्ही दोघे निवृत्त आहोत आणि मुलुंडला राहतो. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. मुलगी व्हिएन्नाला असते. येत्या मे महिन्यात आधी झ्युरिक, मग मुलीकडे व्हिएन्ना आणि शेवटी प्राग असा प्रवास आम्ही स्वतःच आखला आहे. विमान, हॉटेल आणि रेल्वेचे पैसे भरून झाले आहेत. काळजी आहे ती रोजच्या किरकोळ खर्चाची. मागे सिंगापूरला गेलो तेव्हा प्रत्येक किमतीचे मी मनात रुपये करत राहिले आणि साधी कॉफीसुद्धा घेऊ शकले नाही. पैसे यजमानांकडे असत आणि पाण्याच्या बाटलीसाठी मागितले तरी वाद होई. आता यजमान म्हणतात की सगळे पैसे रोख न्यावेत, तर जावई म्हणतात की रोख अजिबात नको, सगळीकडे कार्डच चालते. शेजारचे एक गृहस्थ त्यांच्याकडे उरलेले युरो वर्तमानपत्रातल्या दराने देऊ करत आहेत. सिंगापूरच्या काही नोटा आणि नाणी अजून कपाटात पडून आहेत. आम्ही नेमके काय करावे?

– एक वाचक, मुलुंड

सल्ला

सप्रेम नमस्कार.

रोख की कार्ड, हा तुमच्या घरातील वादाचा विषय असला, तरी तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य मला सिंगापूरमधल्या न घेतलेल्या कॉफीचे वाटले. त्याचे उत्तर मिळाले तर बाकीचे प्रश्न बरेचसे सोपे होतात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. माझे सांगणे असे, की परदेशातील खर्चाचा रुपयांतील हिशेब निघण्यापूर्वी घरी बसून एकदाच करावा, आणि विमानातून उतरल्यावर झ्युरिकमध्ये फ्रँकमध्ये, व्हिएन्नात युरोमध्ये आणि प्रागमध्ये चेक कोरुनामध्येच विचार करावा. हे केवळ मनःशांतीसाठी सांगत नाही. दुकानात उभे राहून रुपयांत विचार करण्याच्या सवयीचा खिशालाही फटका बसतो, आणि तो कसा बसतो हे पुढे येईलच.

प्रत्येक किमतीचे रुपये करण्यात चूक गणिताची नसते, तुलनेची असते. झ्युरिकमध्ये कॉफीच्या एका कपाला पाच फ्रँकच्या आसपास मोजावे लागतात. फ्रँकचा दर 110 रुपये धरला तर ते साडेपाचशे रुपये होतात, आणि माटुंग्याच्या उडुपी उपाहारगृहातील फिल्टर कॉफीची किंमत ज्याला ठाऊक आहे त्याचा हात मागे येणारच. परंतु त्या कपाच्या किमतीत कॉफीची पूड आणि दूध यांचा वाटा थोडा असतो. तो कप आणून देणाऱ्या माणसाचा स्विस पगार आणि त्या जागेचे झ्युरिकमधील भाडे यांचा वाटा फार मोठा असतो. ज्या गोष्टीत माणसाची मेहनत आणि जागा जास्त, ती तिथे महाग असणार. केस कापणे, टॅक्सी, हॉटेलातील जेवण ही सगळी त्याच प्रकारातली. तिथे तुमची कोणी फसवणूक करत नसते, आणि ती कॉफी नाकारून तुम्हाला माटुंग्याची कॉफी मिळणारही नसते.

म्हणून खरेदीचे दोन भाग करा. जी वस्तू मुंबईतही घेता येते, तिची किंमत जरूर रुपयांत करून पाहा. घड्याळ, पर्स, अत्तर, नातवंडांसाठीची खेळणी, आप्तांना द्यायची चॉकलेटे, यांत ‘इथे घ्यावे की घरी’ हा प्रश्न खरा असतो आणि तिथे हिशेबी असणे हा शहाणपणाच आहे. मात्र भूक, तहान, ट्रामचे तिकीट, स्वच्छतागृह, दमल्यावर घटकाभर बसण्यासाठी घेतलेला चहा, यांना मुंबईत पर्याय नाही. ती गरज तिथे आणि त्या वेळी भागवायची असते. अशा खर्चाच्या वेळी विचारण्याचा प्रश्न एवढाच, की आजच्या रकमेत हे बसते का.

ही ‘आजची रक्कम’ ठरवण्याचे काम मुलुंडला जेवणाच्या टेबलावर करायचे. उदाहरणादाखल आकडे मांडतो. दर मी सोयीसाठी गोल धरले आहेत, तुम्ही निघताना असतील ते घ्या. समजा फ्रँक 110 रुपये, युरो 100 रुपये आणि कोरुना 4 रुपये आहे, आणि किरकोळ खर्चासाठी दोघांत मिळून एक लाख रुपये बाजूला काढायचे आहेत. झ्युरिकचे तीन दिवस रोजचे 100 फ्रँक धरले तर 33,000 रुपये होतात. व्हिएन्नाचे पाच दिवस मुलीच्या घरी राहणार, म्हणून रोजचे 50 युरो पुरतील असे धरू. ते 25,000 रुपये. प्रागचे तीन दिवस रोजचे 2,000 कोरुना म्हणजे 24,000 रुपये. ही बेरीज 82,000 होते आणि उरलेले 18,000 अडीअडचणीसाठी राहतात. तुमच्या ऐपतीप्रमाणे आकडे कमी-अधिक करा, पण एकदा दोघांनी मिळून ठरवले की तो कागद पासपोर्टसोबत ठेवा आणि रुपयांचा विषय तिथेच बंद करा. झ्युरिकमध्ये तुमच्यासमोर रोज सकाळी 100 फ्रँक आहेत, एवढेच खरे. दुपारी सुपरमार्केटमधून पाव, चीज आणि फळे घेऊन तलावाकाठी जेवलात, तर संध्याकाळच्या कॉफीसाठी पैसे शिल्लक राहतात. दिवसअखेर उरलेले पैसे दुसऱ्या दिवसात जमा करा आणि खर्च लिहिताना त्याच चलनात लिहा.

आता पैसे कोणाजवळ असावेत, याविषयी. तुमच्या यजमानांचा हेतू काळजीचा असणार याबद्दल मला शंका नाही. पैसे एका हाती असले की सांभाळायला सोपे, असे पुष्कळांना वाटते. परंतु परक्या शहरात पाण्याच्या बाटलीसाठीही दुसऱ्याकडे हात पसरावा लागणे ही गोष्ट लहान नाही, आणि आयुष्यभर स्वतः कमावलेल्या बाईवर ती वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते. रोज सकाळी ठरलेल्या रकमेचे दोन भाग करा आणि दोघांच्या वेगळ्या पाकिटांत ठेवा. आपल्या भागातून कोणी काय घेतले हे दुसऱ्याने विचारू नये, असे निघण्यापूर्वीच ठरवून टाका. यात सुरक्षितताही आहे: झ्युरिकचे मुख्य स्थानक असो वा प्रागचा चार्ल्स पूल, गर्दीत एक पाकीट गेले तरी दुसरे राहते. कार्डांचेही तसेच करा. दोघांजवळ वेगवेगळ्या बँकांची, वेगवेगळ्या खात्यांची कार्डे असू द्या, म्हणजे एक हरवले किंवा अडकले तरी दिवस अडत नाही.

पाण्याच्या बाटलीचा वाद मात्र या वेळी मुळातच मिटण्यासारखा आहे. तिन्ही शहरांत नळाचे पाणी पिण्यायोग्य असते. झ्युरिकमध्ये बाराशेहून अधिक सार्वजनिक कारंजी आहेत, आणि जिथे तशी सूचना लावलेली नाही तिथले पाणी निःशंक प्यावे. व्हिएन्नाला आल्प्सच्या डोंगरांतील झऱ्यांचे पाणी थेट वाहिन्यांनी येते. त्यांपैकी पहिली वाहिनी 1873 मध्ये सुरू झाली. घरून दोन रिकाम्या बाटल्या न्या. व्हिएन्नात पाणी विकत घ्यावेच लागले, तर 1 जानेवारी 2025 पासून ऑस्ट्रियात प्लास्टिकच्या बाटलीवर आणि पेयाच्या धातूच्या डब्यावर 25 सेंटची अनामत घेतली जाते हे लक्षात असू द्या. फळीवर लिहिलेल्या किमतीपेक्षा गल्ल्यावर जास्त पैसे मागितले म्हणून गोंधळू नका. रिकामी बाटली सुपरमार्केटमधील यंत्रात टाकली की ती रक्कम परत मिळते.

रुपयांत विचार करण्याच्या सवयीचा खिशाला फटका बसतो असे वर म्हटले, त्याचे कारण आता सांगतो, आणि हा भाग दोघांनीही नीट वाचावा. व्हिएन्नात तुम्ही जेवलात, बिल 40 युरो झाले आणि भारतीय कार्ड पुढे केले. कार्डाचे यंत्र ते कार्ड भारतातले आहे हे ओळखते आणि पडद्यावर दोन पर्याय दाखवते: पैसे युरोत द्यायचे की रुपयांत. रुपयांचा आकडा ओळखीचा असतो, म्हणून बोट आपोआप तिकडे जाते. तो पर्याय निवडू नका. रुपयांचा दर त्या वेळी तुमची बँक ठरवत नाही. दुकानाला यंत्र पुरवणारी कंपनी ठरवते, आणि त्या दरात ती स्वतःचा नफा मिळवून घेते. आपल्याकडची बहुतेक कार्डे परदेशी चलनातील व्यवहारावर दोन ते साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे दरावरचे जादा शुल्क, आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी लावतात. युरोचा दर 100 आणि मार्कअप साडेतीन टक्के धरला तर 40 युरोंसाठी 4,000 अधिक 140 अधिक 25 रुपये 20 पैसे, म्हणजे सुमारे 4,165 रुपये तुमच्या खात्यावर पडतात. यंत्राने दाखवलेल्या रुपयांच्या दरात सहा टक्के जास्त असतील तर 4,240 होतात, आणि काही बँका परदेशात रुपयांत केलेल्या अशा व्यवहारावर वरून वेगळे शुल्कही घेतात. एका जेवणाला हा फरक थोडा वाटेल, पण तो प्रवासात प्रत्येक खरेदीला लागतो आणि त्या बदल्यात मिळते काय, तर ओळखीचा आकडा पाहिल्याचे समाधान. दुकानदाराने न विचारताच रुपयांत पावती काढली, तर सही करण्यापूर्वी किंवा पिन देण्यापूर्वी ‘युरो’ एवढाच शब्द उच्चारून व्यवहार रद्द करायला आणि पुन्हा करायला सांगा. निवड ग्राहकाची असते.

हाच प्रसंग एटीएमवरही येतो आणि तिथे लोक अधिक घाबरतात. पैसे काढताना पडद्यावर एक रूपांतराचा दर दिसतो आणि खाली ‘अॅक्सेप्ट कन्व्हर्जन’ आणि ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’ अशी दोन बटणे येतात. ‘डिक्लाइन’ दाबले तर पैसेच मिळणार नाहीत, या भीतीने माणसे ‘अॅक्सेप्ट’ दाबतात. ‘डिक्लाइन’ दाबल्यावर नाकारला जातो तो केवळ त्या यंत्राचा दर. पैसे मिळतातच आणि रूपांतर तुमच्या बँकेच्या दराने होते. एटीएम निवडताना ते एखाद्या बँकेच्या शाखेला लागून असलेले निवडा. पर्यटकांच्या गल्ल्यांत, स्मृतिवस्तूंच्या दुकानांशेजारी एकटी उभी असलेली यंत्रे टाळा, कारण त्यांचे शुल्क आणि दर बहुधा जास्त असतात. दर वेळी ठरावीक शुल्क लागत असल्याने थोडे थोडे चार वेळा काढण्यापेक्षा एकदाच पुरेसे काढा. आणि क्रेडिट कार्डाने रोख काढू नका. त्यावर शुल्क वेगळे लागते आणि व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होते.

तर आता रोख की कार्ड. यजमान आणि जावई दोघांचेही अर्धे बरोबर आहे, आणि कोणाचे किती हे शहरानुसार बदलते.

झ्युरिकमध्ये कार्ड जवळपास सगळीकडे चालते, त्यामुळे तिथे जावयांचे ऐका आणि रोख थोडीच ठेवा. दोघांत मिळून 150 फ्रँक पुरतील. स्वित्झर्लंडचे चलन युरो नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मोठ्या दुकानांत युरोच्या नोटा घेतात, पण दर त्यांचा असतो आणि सुट्टे परत फ्रँकमध्ये मिळतात, म्हणून तो मार्ग नको. एका गोष्टीकडे मात्र विशेष लक्ष द्या: फ्रँकची सर्वांत लहान नोट 10 ची आहे, त्याखाली सगळी नाणी. नाणे म्हणजे चिल्लर, या आपल्या सवयीने पाच फ्रँकचे नाणे पिशवीच्या तळाशी टाकले जाते, आणि ते वरच्या दराने साडेपाचशे रुपयांचे असते. शिवाय अर्ध्या फ्रँकचे नाणे 20 रापेनच्या (100 रापेन म्हणजे एक फ्रँक) नाण्याहून आकाराने लहान आहे, त्यामुळे केवळ आकार पाहून नाणे देऊ नका. पहिल्या संध्याकाळी हॉटेलात सगळी नाणी पलंगावर पसरून दोघांनी ओळखून घ्यावीत. विद्यार्थ्यांना इतकी वर्षे शिकवलेत, तेव्हा या अभ्यासाचे वर्ग तुम्हीच घ्या.

व्हिएन्नात यजमानांचे म्हणणे अधिक लागू पडते. ऑस्ट्रियन माणसाला रोख आवडते. लहान बेकरी, नाशमार्क्टसारख्या बाजारातील काही ठेले, जुनी कॉफीगृहे, स्थानकांवरील स्वच्छतागृहे, इथे युरोच्या नोटा आणि नाणी हाताशी असलेली बरी. पाच दिवसांचे 250 आणि अडीअडचणीच्या रकमेतले 150 धरून दोघांसाठी 400 युरो रोख न्या, पण ते 10 आणि 20 च्या नोटांत. मुंबईच्या काउंटरवर 50 आणि 100 च्या नोटा पुढे केल्या जातात. लहान नोटा हव्यात असे आधीच फोनवर सांगून ठेवा, कारण पाव घेताना 100 ची नोट काढली तर बेकरीवाल्याची पंचाईत होते आणि 200 ची नोट तर अनेक जण घेतच नाहीत. युरोच्या नाण्यांची एक बाजू देशागणिक वेगळी असते, पण नाणे कुठल्याही देशाचे असले तरी ते सर्व युरो-देशांत चालते, त्यामुळे ओळखीचे चित्र दिसले नाही म्हणून शंका घेऊ नका. कॉफीगृहात बिलाची रक्कम थोडी वर पूर्ण करून देण्याची रीत आहे. बिल 9 युरो 20 सेंट झाले असेल, तर पैसे देतानाच ‘दहा’ असे सांगायचे. कार्डाने देणार असाल तरी यंत्रात आकडा घालण्यापूर्वी सांगायचे. रविवारी तिथली बहुतेक दुकाने बंद असतात, तेव्हा शनिवारीच मुलीबरोबर आठवड्याचा बाजार करून घ्या.

प्रागमध्ये सर्वाधिक सावध राहायला हवे. कोरुना हे चलन मुंबईतील बहुतेक काउंटरवर सहज मिळत नाही आणि मिळाले तरी दर चांगला नसतो, म्हणून ते इथून नेऊ नका. तिथे पोहोचल्यावर बँकेच्या एटीएममधून दोन-तीन हजार कोरुना काढा आणि बाकीचे कार्डाने भागवा. तिथल्या ट्राममध्येही कार्डाने तिकीट घेता येते. प्रागच्या जुन्या चौकाच्या आसपास पैसे बदलून देणारी दुकाने ओळीने आहेत. ‘कमिशन शून्य’ अशा मोठ्या पाटीकडे पाहू नका. नफा दरातच असतो. ‘100 युरो दिले तर हातात किती कोरुना पडतील’, एवढे विचारा, आकडा कागदावर लिहून घ्या आणि मगच नोट पुढे करा. पर्यटकांच्या खूप तक्रारी झाल्यानंतर चेक प्रजासत्ताकाने कायदा बदलला. 1 एप्रिल 2019 पासून तिथे अशा दुकानात 1,000 युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत, कारण न सांगता रद्द करता येतो. त्यासाठी पावती जपून ठेवा आणि बाहेर पडून दर पुन्हा तपासा. रस्त्यात कोणी जवळ येऊन चांगल्या दराने पैसे बदलून देतो म्हणाले, तर थांबूच नका. तिथे कोरुनाऐवजी दुसऱ्याच देशाच्या नोटा हातात ठेवल्याचे प्रकार झाले आहेत आणि त्या गर्दीत हा कायदा तुमच्या उपयोगी पडणार नाही. हॉटेले आणि स्मृतिवस्तूंची दुकाने युरोही घेतात, पण तिथेही दर त्यांच्या सोयीचा असतो.

कार्डांविषयी निघण्यापूर्वी करायची दोन कामे आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 2020 पासून नवे कार्ड परदेशातील वापरासाठी आपोआप सुरू नसते. ते खातेदाराने बँकेच्या अॅपवरून किंवा शाखेत जाऊन सुरू करायचे असते आणि तिथेच रोजची मर्यादाही घालता येते. पुष्कळ जण हे झ्युरिकच्या विमानतळावर उभे राहून शोधतात. दुसरे, कार्डाचा पिन पाठ हवा, कारण ठरावीक रकमेवर यंत्र पिन मागते आणि तिकडे ओटीपीसाठी थांबायला वेळ नसतो. फॉरेक्स कार्ड, म्हणजे परदेशी चलन आधीच भरून घेतलेले कार्ड, घेतले तर दर इथेच पक्का होतो, ही त्याची मोठी सोय आहे, आणि तुमच्या स्वभावाला ते मानवेल असे मला वाटते. फ्रँक आणि युरो त्यात वेगवेगळे भरून घ्या. कोरुना त्या कार्डावर भरता येत नसेल, तर प्रागमध्ये प्रत्येक खरेदीला दुसऱ्या चलनातून रूपांतराचे शुल्क लागेल, तेव्हा ते किती हे आधीच विचारा आणि आपल्या साध्या कार्डाच्या मार्कअपशी ताडून पाहा. काही देशांत यूपीआय सुरू झाले आहे म्हणून त्यावर विसंबून निघू नका. तुमच्या या मार्गावर ते गृहीत धरण्यासारखे नाही.

चलन इथे घेताना रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या मनी चेंजरकडून किंवा बँकेतूनच घ्या. फोर्ट, दादर, विलेपार्ले, ठाणे इथे असे अनेक काउंटर आहेत. त्यांपैकी दोघा-तिघांना फोन करून ‘सगळे शुल्क धरून 400 युरोंचे किती रुपये’ असे विचारा. वर्तमानपत्रात छापलेला दर बँकांच्या आपसातील मोठ्या व्यवहारांचा असतो, तो आपल्याला कुठेच मिळत नाही. चलन बदलण्यावर जीएसटी लागतो: 25,000 रुपयांपर्यंत किमान 45 रुपये आणि एक लाखाला 180 रुपये. म्हणजे तीन वेळा थोडे थोडे घेण्यापेक्षा एकदाच घेणे बरे. पासपोर्ट, पॅन, तिकीट आणि व्हिसा बरोबर न्या. 50,000 रुपयांपेक्षा जास्त रक्कम असेल, तर रोख देता येत नाही, चेकने किंवा खात्यातून द्यावी लागते. तुमच्या मार्गावरील देशांसाठी प्रत्येकाला एका प्रवासात 3,000 डॉलर मूल्यापर्यंतच नोटा नेता येतात; तुमची रक्कम त्याच्या खूप आत आहे, पण यजमानांचा ‘सगळे रोख’ हा विचार कुठवर जाऊ शकतो याची सीमा त्यांना ठाऊक असावी. परदेशासाठी घेतलेले चलन आणि पाठवलेले पैसे एका आर्थिक वर्षात 10 लाख रुपयांच्या पुढे गेल्यावर जो कर स्रोतावर गोळा केला जातो, त्याची तुम्हाला चिंता नाही. विमानतळावरील काउंटर अगदीच नाइलाज असेल तर, एरवी नको. तिथला दर शहरातल्यापेक्षा महाग असतो. भारतीय रुपये जाता-येता प्रत्येकी 25,000 पर्यंत जवळ ठेवता येतात, तेव्हा परतल्यावर रात्री मुलुंडपर्यंतच्या टॅक्सीपुरते पैसे बाजूला ठेवून जा.

शेजारच्या गृहस्थांचे युरो घेऊ नका. त्यांचा हेतू चांगला आहे आणि दरही तुम्हाला स्वस्त पडेल, पण परकीय चलनाची खरेदी-विक्री अधिकृत व्यक्तीकडेच करावी असे 1999 चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, सांगतो. शिवाय त्या नोटांची पावती तुमच्याजवळ नसेल. शेजारधर्म बिघडू नये म्हणून त्यांना एवढे सांगा की ते स्वतः कुठल्याही मनी चेंजरकडे युरो परत देऊ शकतात. मुलीने तुम्हाला तिथे हौसेने काही दिले, जेवायला नेले, तिकीट काढले, तर त्याला हरकत नाही. मात्र ‘तू तिथे युरो दे, आम्ही इथे तुझ्या खात्यात रुपये भरतो’ असा सौदा करू नका.

व्हिएन्नात भेटवस्तू घेणार असाल, तर एका दुकानात एका वेळी 75 युरोंहून अधिक खरेदी झाल्यास कराचा काही भाग परत मिळू शकतो. त्यासाठी दुकानात पासपोर्ट दाखवून फॉर्म मागा आणि युरोपीय संघ सोडताना, तुमच्या बाबतीत प्रागच्या विमानतळावर, सामान विमान कंपनीच्या ताब्यात देण्यापूर्वी सीमाशुल्क अधिकाऱ्याचा शिक्का घ्या. परतावा रोख मागितला तर त्यातून बरेच कापले जाते, म्हणून तो कार्डावर घ्या.

शेवटी उरणाऱ्या पैशांविषयी. नाणी मुंबईत कोणी बदलून देत नाही, त्यामुळे प्रत्येक देश सोडताना ती तिथेच संपवण्याकडे लक्ष द्या: झ्युरिकच्या शेवटच्या दिवशी स्थानकावरील खाण्यात फ्रँक, प्रागच्या शेवटच्या जेवणात आधी सगळे कोरुना द्या आणि कमी पडेल ते कार्डाने भरा. कोरुनाच्या नोटा तर घरी आणूच नका. युरोची नाणी मुलीच्या उपयोगी पडतील, पण प्रागहून तुम्ही थेट परतणार, म्हणून व्हिएन्ना सोडण्यापूर्वीच ती तिला देऊन टाका. युरोच्या आणि फ्रँकच्या नोटा उरल्या तर परतल्यापासून 180 दिवसांच्या आत मनी चेंजरला परत द्याव्यात असा नियम आहे. पुढच्या प्रवासासाठी ठेवायच्या असतील तर 2,000 डॉलर मूल्यापर्यंत नोटा स्वतःजवळ ठेवता येतात आणि नाण्यांना मर्यादा नाही. तुमच्या कपाटातील सिंगापूरच्या नोटाही याच नियमात बसतात, त्यामुळे त्यांची धास्ती बाळगू नका. पुन्हा सिंगापूरला जायचा बेत नसेल, तर त्या आताच घेऊन जा आणि ज्याच्याकडून युरो घेणार त्यालाच द्या. तो त्यांना खरेदीचा दर लावेल, जो विक्रीच्या दरापेक्षा कमी असतो. पण त्याच वेळी मोठी खरेदी करणार असल्याने थोडा चांगला दर मागण्याची संधी तुम्हाला मिळेल, आणि ती जरूर घ्या. सिंगापूरची नाणी मात्र ओळखीपैकी कोणी तिकडे जाईल तेव्हा त्याच्याकडे द्यावीत.